फेटरीच्या पुढं काटा पडते

रुपराव ड्रायव्हर मला तीनदा सांगायला आला आणि तिन्ही वेळा मी त्याला खोटा ठरवून परत पाठवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझी कीव करायला नको.

मी ताराचंद, तांडापेठेतला. आजा विणकर, बाप विणकर. घरात दोन माग होते. बाप गेल्यावर एक मोडून सरपणात गेला, दुसऱ्यावर आई बसायची. मी बसलो नाही. दिवसभर पाय मारून संध्याकाळी पाठ धरून बसलेला बाप मी पाहिला होता, तेवढं शिक्षण मला पुरलं. सोळाव्या वर्षी सेंट्रल एव्हेन्यूच्या मागं मनोहररावांच्या गॅरेजात पाने-हातोडी उचलायला लागलो आणि त्र्याऐंशी सालापर्यंत तिथला इंजिनाचा मिस्त्री झालो होतो. इंजिन उघडावं तर ताराचंदनं, असं गिऱ्हाईक म्हणायचं. मला ते आवडायचं. कोणाला आवडत नाही? पण असं काही आवडायला लागलं, की मग 'तुमचं काम बिघडलं आहे' हे समोरच्यानं कितीही ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही.

इंजिनात ऑईल भरलेलं आहे, तेवढ्यानं काही होत नाही. ते खाली चेंबरात पडून असतं. तिथून पंप ते ओढतो आणि दाबानं वर पाठवतो, क्रँकच्या बेअरिंगांत. फिरणारा क्रँक बेअरिंगला टेकत नाही. दोघांच्या मधे ऑईलचा सायीसारखा पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. दाब पडला की थर गेला, आणि मग धातू धातूला खायला लागतो. पाच मिनिटं पुरतात. म्हणून ड्रायव्हरच्या समोर एक काटा दिलेला असतो. चालत्या गाडीत तो चाळीसच्या आसपास उभा असला तर चला. झोपला तर इंजिन बंद करा आणि खाली उतरा, मागच्या सीटवर कोणी का बसलेलं असेना.

हे गॅरेजात बोलायला सोपं आहे.

गाडी कळमेश्वरच्या एका कारखान्याची होती. पांढरी ॲम्बॅसिडर, मॅनेजरसाहेबांची. फेब्रुवारीत तिचं इंजिन मीच पूर्ण उघडून बांधलं होतं. बोअर केलं, पिस्टन नवे, बेअरिंगं नवी. रुपराव तिचा ड्रायव्हर. पारशिवनीकडचा, शेतकऱ्याघरचा, चाळिशीचा माणूस. हात नांगराचे, पण गिअर असा टाकायचा की मागं बसलेल्याची झोप मोडू नये. पाच वर्षांपासून तो त्या कारखान्यात तात्पुरता होता. दर काही महिन्यांनी त्याला थोडे दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचे. पाच वर्षं गाडी चालवूनही कागदावर माणूस नवाच. ह्या जूनमध्ये मात्र त्याला पक्कं करणार होते. कागद वर गेला होता. ते तो सगळ्यांना सांगायचा, पेट्रोल पंपावरच्या माणसालासुद्धा.

एप्रिलच्या सुरुवातीला तो पहिल्यांदा आला.

"मिस्त्री, ऑईलचा काटा पडून राहिला गा."

"कुठं पडून राहिला? दाखव."

त्यानं गाडी सुरू केली. मी आत डोकं घालून पाहिलं. काटा उभा. डिपस्टिक काढली. ऑईल बरोबर रेघेवर.

"हे पाय. उभा आहे का नाई?"

"इथं उभाच राह्यते. फेटरीच्या पुढं गेलं का पडते. हळूहळू, असा झोपते. मंग मी गाडी बाजूले घेतो, धा मिनिटं बंद ठेवतो, का पुन्हा उठते."

"फेटरीच्या पुढं काय आहे गा? तुही सासुरवाडी?"

सगळं गॅरेज हसलं. रुपरावही हसला. त्यानं हसायलाच पाहिजे होतं, कारण गाडी आमच्या हातात होती.

"नाई मिस्त्री, खरंच सांगतो."

"उन्हानं होते. ऑईल पातळ पडते उन्हात. जा."

आता हे नीट पाहा. थंड इंजिनात काटा उभा. दहा-बारा मैल पळवलं की हळूहळू पडतो. बंद करून थांबलं की परत उठतो. बेअरिंग झिजलेलं असतं तर थांबून काही फरक पडला नसता. ऑईल कमी असतं तर डिपस्टिकनं सांगितलं असतं. त्या माणसानं रोगाचं पूर्ण लक्षण मला तीन वाक्यांत सांगितलं होतं. मॅट्रिक नापास ड्रायव्हर, पण त्याच्याइतकं चोख कोणा गिऱ्हाइकानं मला कधी सांगितलं नाही. आणि मी त्याची सासुरवाडी काढली.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. ह्या वेळी हसला नाही. म्हणाला, साहेब रागावले, वाटेत दोनदा गाडी थांबवली तर मीटिंगला उशीर झाला. मी आळशी मिस्त्री नव्हतो. काट्याची नळी बदलली. काटाच खोटं बोलत असेल म्हणून दुसऱ्या गाडीचा काढून लावून पाहिला. दाब जास्त झाला तर सोडून देणारी एक स्प्रिंग असते, ती काढली, पुसली, बसवली. उन्हाळा म्हणून जरा जाड ऑईल भरलं. एवढं सगळं केलं. चेंबर तेवढा उतरवला नाही. चेंबरात पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, ऑईल तिच्यातून गाळून वर जातं. पण दोन महिन्यांपूर्वी बांधलेल्या इंजिनाची जाळी काढून पाहणं म्हणजे ज्यानं बांधलं त्याच्यावर संशय घेणं. आणि बांधलं मीच होतं.

मग मी गाडी चौकापर्यंत नेली आणि वळवून आणली. काटा उभा. आमच्या गॅरेजचा हा नियमच होता, टेस्ट चौकापर्यंत. पुढं नेली तर मनोहरराव दारात उभे राहून विचारायचे, "काय ताराचंद, बायकोला सिनेमाला सोडून आलास का?" चौक किती लांब? गॅरेजापासून तीनशे पावलं. त्या तीनशे पावलांत नागपूरच्या किती गाड्या मी 'ओके' केल्या, देव जाणे.

तिसऱ्यांदा तो मेच्या मध्यावर आला. दुपारचा एक वाजलेला, पत्र्याखाली भट्टी झालेली. मी नुकताच डबा उघडला होता.

"मिस्त्री, एक डाव संग चाल. फेटरीच्या पुढं दोन मैल, बस. तुह्या डोळ्यानं पाय. मी वापस आणून सोडतो."

मनोहरराव टेबलावरून म्हणाले, "माझ्या मिस्त्रीला मी तुझ्याबरोबर हवा खायला पाठवू का रे?"

"मालक, साहेब म्हणते मी नाटक करतो. जूनमधे माहं पक्कं होणार आहे. आता काई झालं तर…"

"काही होत नाही. गाडी दोनदा तपासली. ताराचंद, लिहून दे त्याला. साहेबाला दाखवेल."

रुपराव माझ्याकडं पाहत राहिला. मी काही म्हणालो असतो तर मनोहरराव कुरकुरले असते, पण मला नाही म्हणाले नसते. मी गेलो असतो तर तासाभराचं काम होतं. पण ऊन होतं. डब्यात वांग्याची भाजी होती, आणि मला ती गरम-गरम पाहिजे होती. मी डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली, उजवा खरकटा होता म्हणून. 'गाडी तपासली. ऑईल प्रेशर ठीक. कोणताही दोष नाही.' खाली सही.

त्यानं चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "तू म्हणतो तर ठीकच असन गा."

पाच दिवसांनी गाडी ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून आली.

काय झालं ते रुपरावनंच सांगितलं. ओमप्रकाशसाहेब, म्हणजे त्याचे मॅनेजर, मागं बसलेले. नागपुरात कोणाला तरी भेटायचं होतं. एप्रिलपासूनच्या सवयीनं रुपरावचा एक डोळा काट्यावर. ह्या वेळी कळमेश्वरहून निघून चार मैल होतात न होतात तोच, फेटरी यायच्याही आधी काटा पडला, पार खाली. त्यानं गाडी बाजूला घेतली. साहेबांनी विचारलं, मिस्त्रीची चिठ्ठी तूच आणून दाखवलीस ना? काय लिहिलं आहे तिच्यात? चल. तो म्हणाला, साहेब, धा मिनिटं. साहेब म्हणाले, चलता है या उतरता है?

तो चालला. दोन-अडीच मैल गेल्यावर आतून ठोकल्यासारखा आवाज आला, मग खरखर, आणि इंजिन जाम. मागचं चाक रस्त्यावर घासत गेलं.

"मी थांबवली होती मिस्त्री," तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. "मी आधी थांबवली होती."

दुसऱ्या दिवशी मी चेंबर उतरवला. ऑईल पूर्ण होतं. बेअरिंगं निळी-काळी पडलेली, क्रँकला चिकटलेली. मग जाळी काढली. जाळीवर तळहाताएवढा काळा थर बसला होता, दाबलेल्या लोकरीचा नमदा असतो तसा. नखानं खरवडून काढला, पेट्रोलात बुडवला, चोळला. काळं गेलं आणि खालून रंग निघाले. जांभळा, हिरवा, थोडा पिवळा.

सूत होतं. बारीक बारीक तुकडे, एकमेकांत गुंतून बसलेले.

ते कोणाचं, हे नागपुरातल्या दुसऱ्या कोणा मिस्त्रीला कळलं नसतं. मला बघताक्षणी कळलं. गॅरेजात इंजिन पुसायला जुनं धोतर, लुगडं, बनियनचा कपडा वापरतात. धागा न सुटणारा कपडा पाहिजे, हा साधा नियम. आदल्या दिवाळीपासून मनोहररावांनी कपडा आणणं बंद केलं. म्हणाले, "तुमच्या घरी तर सूतच सूत, ताराचंद. आणत जा की." आणि मी आणायला लागलो. मागावर तुटलेले, कापलेले सुताचे तुकडे विणकराच्या घरात कोणी फेकत नाही. आई ते साठवायची, धुवायची, उन्हात वाळवायची, हातानं पिंजून मऊ करायची आणि पिशवीत भरून मला द्यायची. तेल असं प्यायचं ते सूत, की मी सगळ्यांना दाखवायचो. बाजारातल्या चिंध्या वापरणाऱ्या मिस्त्रींना मी हसायचो. क्रँक पुसला त्यानं, ऑईलच्या नळ्या पुसल्या, चेंबर आतून पुसून आरशासारखा केला. आरशाच्या कोपऱ्यांत तुकडे राहिले ते दिसले नाहीत.

गाडी चालायला लागली की पंपाच्या ओढीनं ते तुकडे येऊन जाळीला चिकटायचे. जाळी बंद, दाब खाली. गाडी थांबली की ओढ थांबायची, थोडे गळून खाली पडायचे, जाळी मोकळी. पुन्हा चालू केली की काटा उभा. आमच्या गॅरेजात येईपर्यंत सगळं शांत बसलेलं असायचं. दर खेपेला थर थोडा घट्ट होत गेला, एवढंच.

मी ते मनोहररावांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, दार लोटलं आणि बसले.

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"दिवाळीपासून किती इंजिनं बांधलीस?"

"अकरा."

"अकरा गाड्या रस्त्यावर पळताहेत. हे बाहेर सांग, आणि उद्या अकराही मालक ह्या दारात उभे राहतील. मी म्हणेन, मिस्त्रीनं घरून कचरा आणला. तू म्हणशील, मालकानं सांगितलं. कोणाचं ऐकतील?" मग आवाज मऊ केला. "तुझ्या आईच्या हातचं आहे ते. तिचं नाव कशाला निघायला पाहिजे?"

माणसाला गप्प करायचं असलं की त्याच्या आईचं नाव घ्यायचं. चांगलं माहीत असतं ह्या लोकांना.

कारखान्याला अहवाल पाहिजे होता. मनोहररावांनी सांगितला, मी लिहिला. 'इंजिनात ऑईल पूर्ण होते. यंत्रात पूर्वीचा दोष आढळला नाही. दाब कमी झाल्याचे दिसत असूनही गाडी चालवल्यामुळे नुकसान झाले.' मी सही केली. माझी सही चांगली आहे, वळणदार.

त्या अकरांपैकी दोन पावसाळ्याआधीच तशाच ओढत आल्या. दोन्ही वेळा ड्रायव्हरच निष्काळजी निघाले.

संध्याकाळी घरी गेलो तर आई मैनाबाई मागावरून उतरून पाय चोळत बसली होती. मी खिशातून ते काढलं. कागदात गुंडाळून आणलं होतं, का आणलं ते मलाही कळलं नव्हतं. तिनं उजेडात धरलं.

"हे तं त्या जांभळ्या लुगड्याच्या किनारीचं. मागच्या दिवाळीचं. आणि हे हिरवं… कुठं सापडलं गा तुले?"

"गाडीत."

"कामी आलं ना बापा? धुऊन देल्लं होतं मी. दोन पाण्यानं."

मी म्हणालो, आलं. दुसरं काय म्हणणार होतो? आठवड्यानं तिनं भरून ठेवलेली पिशवी मी नेली नाही, तेव्हा तिनं विचारलं, काहून, आता आमचं सूत चालत नाई का? मी म्हणालो, मालक कपडा आणते आता. तिनं पिशवी परत खुंटीला लावली.

जूनच्या पहिल्या सोमवारी रुपराव गॅरेजात आला. गाडी नव्हती, बसनं आला होता. कामावरून थांबवलं होतं. हातात इंग्रजीतला कागद, त्यातलं त्याला दोनच शब्द कळले होते, त्याचं नाव आणि तारीख.

"बुधवारी चौकशी आहे मिस्त्री. साहेब म्हणते मी कधी सांगतलंच नाई गाडीचं, अन् तुही चिठ्ठी तं त्याइच्यापाशीच आहे. तू फक्त एवढंच सांग, का रुपराव तीनदा आला होता. बाकी काई नोको. मी आलो होतो का नाई?"

"आला होता."

"मंग तेवढंच. पंचफुला म्हणते, तो काहून येईन? मी म्हणलो, येईन. मिस्त्री खोटं बोलणारा माणूस नाई."

पंचफुला त्याची बायको. मी तिला कधी पाहिलं नाही. तिनं मला न पाहता बरोबर ओळखलं होतं.

बुधवारी मी गेलो. मनोहररावांना ताप आला म्हणून सांगितलं आणि काटोल नाक्यावरून बस धरली. खिशात तो कागद होता. आणि हे खोटं सांगत नाही, मी तो दाखवायच्याच तयारीनं गेलो होतो. गिट्टीखदान गेलं, फेटरी गेली, मी मनात वाक्य जुळवत होतो. साहेब, चूक माझी आहे. जाळीत सूत होतं. ड्रायव्हरचा दोष नाही. तीन वाक्यं. रुपरावला तीनच लागली होती.

खोलीत पंखा होता, टेबल होतं, लिहून घेणारा कारकून होता. आणि चौकशीला कोण बसलं होतं? ओमप्रकाशसाहेब. ज्यानं 'चल' म्हटलं, तोच विचारणार होता गाडी का थांबवली नाही. रुपराव भिंतीशी उभा. धुतलेला शर्ट, इस्त्री नसलेला.

"आओ मिस्त्री, बैठो," साहेब म्हणाले. मला खुर्ची दिली.

"ये बोलता है, इसने तुमको कंप्लेंट किया था."

"हो साहेब."

"कितनी बार?"

"तीन वेळा."

रुपरावनं मान हलवली, जिंकल्यासारखी. कारकुनानं लिहिलं.

"तीनों बार गाडी देखी तुमने?"

"पाहिली."

"कुछ निकला?"

इथं ती तीन वाक्यं यायला पाहिजे होती. माझा हात खिशाकडं गेलाही. नोकरीची भीती होती, मनोहररावांची होती, आईचं नाव निघेल ही होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि सांगायला बरी आहेत. पण त्या वेळी जे मला अडवत होतं ते फार क्षुल्लक होतं. त्या खोलीत रुपराव उभा होता आणि मला खुर्ची दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब मला समोर बसवून माझं मत विचारत होता. मिस्त्री म्हणून. ती तीन वाक्यं बोललो असतो, तर मला उठावं लागलं असतं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

शब्दन्‌शब्द खरा. तो तीनदा आला होता. मी तीनदा पाहिलं होतं, तिसऱ्यांदा डब्यावरून मान वर करून का होईना. काही निघालं नव्हतं.

साहेब रुपरावकडं वळले. "सुना? तीन बार गाडी लेकर नागपूर घूम आया, तीन बार कुछ नहीं निकला. और जिस दिन काटा सचमुच गिरा, उस दिन खडी नहीं की."

"साहेब, मी खडी केली होती. तुमीच म्हणले चाल…"

"मैं बोला? गाडी कौन चलाता है, मैं या तू? कल को मैं बोलूँ कुएँ में डाल, तो डालेगा?"

कारकून हसला. रुपरावनं माझ्याकडं पाहिलं. मी कारकुनाच्या दौतीकडं पाहत होतो. निकालाचा कागद पंधरा दिवसांनी निघाला म्हणतात. पण निकाल तिथंच लागला, त्या 'नाही साहेब'वर. जूनमध्ये पक्का झाला तो दुसराच कोणी.

बाहेर आलो. फाटकासमोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, बसही तिथंच थांबायची. रुपराव मला ओढत घेऊन गेला.

"बस. चहा घे. भजे घे. अबे, मिस्त्रीले गरम दे!" टपरीवाल्याला तो म्हणाला. मग माझ्या शेजारी बसला. "तू आला गा. लई झालं. दुसरा कोणी आला नसता."

"माझ्यानं काही झालं नाही."

"तू खरं ते सांगतलं. त्याइच्या मनातच नाई तर तू काय करशील?"

मी हातातलं भजं परत बशीत ठेवलं. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मी गप्प बसून घरी गेलो असतो. तो माझ्या बशीत चटणी वाढत होता. मी खिशातून कागद काढला आणि बाकावर उघडला.

"हे काय होय?"

"तुह्या गाडीतलं. जाळीवर बसलं होतं. ह्यानं काटा पडत होता." आणि मग मी सगळं सांगितलं. सूत, आई, मनोहरराव, अहवाल. खाली पाहून सांगितलं, पण काही वगळलं नाही.

त्यानं तो रंगीत गुंता जवळ ओढला. मग बोटानं त्याला हलकेच टोचलं.

"म्हणजे काटा खरंच पडत होता."

"हाव."

"फेटरीच्या पुढं."

"हाव गा."

त्यानं मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. ते मला आजही पाहवत नाही. "मले वाटून राहिलं होतं माह्या डोळ्यातच काई आहे. डोळे तपासून आलो मी. डॉक्टर म्हणे ठीक आहेत. मंग वाटलं डोक्यात आहे. पंचफुलाले म्हणलो, मले एक चीज दिसते ते कोणाले दिसत नाई…" तो हसला, मोठ्यानं, मोकळा. "नाई ना गा. ठीक होतं माहं डोकं."

मग तो उठलाच. कागदाची घडी केली.

"चाल."

"कुठं?"

"आत. साहेब अजून जेवाले गेले नाई. दोन मिनिटाचं काम आहे. तू फक्त सांग का हे कुठून निघालं. माह्या हातातलं पाहून तं ते म्हणतीन रस्त्यावरून उचललं. तू सांगतलं का झालं."

"तू हो पुढं," मी म्हणालो. "चहा संपवून येतो."

"ये मंग. मी चौकीदाराले सांगून ठेवतो."

तो रस्ता ओलांडून गेला, भरभर, मुठीत कागद धरून. मी चहा संपवला. उठलो. खरंच उठलो, फाटकाकडं तोंड करून. तेवढ्यात धुरळा उडवत काटोलकडून बस आली आणि माझ्या आणि फाटकाच्या मधे उभी राहिली. दार माझ्या समोर होतं. कंडक्टर म्हणाला, "नागपूर? चला, चला लवकर."

मी चढलो.

खिडकीतून पलीकडं फाटक दिसत होतं. रुपराव चौकीदाराला काहीतरी समजावत होता, मूठ उघडून दाखवत होता, पुन्हा पुन्हा टपरीकडं बोट करत होता. चौकीदार नाही-नाही करत मान हलवत होता. मग रुपराव वळला आणि बसच्या मागच्या बाजूनं टपरीकडं डोकावून पाहायला लागला. बाक रिकामा. त्यानं बसकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बसमध्ये असेन हे त्याच्या मनातच आलं नाही. त्याला वाटलं असेल मिस्त्री टपरीमागं लघवीला गेला. बस हलली तेव्हा तो रस्ता परत ओलांडून टपरीच्या मागं चालला होता आणि तोंडाशी हात धरून हाका मारत होता. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नव्हती, पण काय म्हणत होता ते तोंडावरून कळत होतं. मिस्त्री. ओ मिस्त्री.